वेटोळे केवढे असावे?

धातुशोधक यंत्र म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठ्या देवळाच्या किंवा सरकारी कचेरीच्या दारातील ती चौकट उभी राहते. आपल्या खिशातील किल्ल्यांचा जुडगा तिला कळतो, ती केकाटते, आणि आपण मुकाट्याने खिसा रिकामा करतो. आज आम्हांला चार शब्द सांगावयाचे आहेत ते तिच्या एका धाकट्या भावंडाविषयी. एक हलकी दांडी, तिच्या वरच्या टोकाला यंत्राची डबी, आणि खालच्या टोकाला ताटलीएवढी चपटी तबकडी. ही तबकडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवीत माणूस पुढे सरकतो आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये काही आवाज येतो का ते ऐकतो. इंग्लंडातील नांगरलेल्या शेतांत जुनी नाणी शोधणारे हौशी लोक, ऑस्ट्रेलियातील सोने शोधणारे, आणि कंबोडियात पेरून ठेवलेले सुरुंग काढणारे, या तिघांच्याही हाती हेच साधन असते.

हे यंत्र घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तबकडीच्या आकाराचा. एकाच यंत्राला लहान, मध्यम, मोठी अशा निरनिराळ्या तबकड्या लावता येतात. मग कोणती लावावी? या प्रश्नाला शंभरातील नव्वद माणसे जे उत्तर देतील, तेच आम्हीही एकदा दिले होते आणि तोंडघशी पडलो होतो. तेव्हा ती हकीकतच अगोदर सांगतो.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरामागे मोठे परसू आहे. तेथील जुनी पत्र्याची पडवी पाडून वहिनींनी त्या जागी भाजीचे वाफे केले होते. एके दिवशी वाफ्यांत काम करताना त्यांच्या बोटातील अंगठी गळून पडली. अंगठी काही फार वजनाची नव्हती. पण ती त्यांच्या आईची होती आणि आई नुकतीच गेली होती. माती चाळून झाली, मोलकरणीने दोन दिवस खुरप्याने उकरून पाहिले, अंगठी सापडेना. तेव्हा ओळखीतील एका तरुणाला यंत्र घेऊन बोलावले. त्याच्यापाशी दोन तबकड्या होत्या. एक सुमारे ३८ सेंटीमीटर व्यासाची, दुसरी १५ ची. त्याने विचारले, “कोणती लावू?” आम्ही तेथे हजर होतो, आणि चार बुके वाचलेला माणूस म्हणून उत्तर देण्याचा मान आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, “मोठीच लावा. उगीच खोल राहून गेली असेल तर?”

पुढे काय झाले ते समजण्यासाठी तबकडीच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे.

तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. कारागीर त्यांना कॉइल म्हणतो. बहुतेक यंत्रांत एका वेटोळ्यातून सेकंदाला कित्येक हजार वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि प्रवाह उलटसुलट होत असल्यामुळे तेही उलटसुलट होते. असे बदलते क्षेत्र धातूच्या तुकड्यावर पडले की त्या तुकड्यात पाण्यातील भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. फॅरडेने १८३१ साली शोधून काढलेल्या प्रवर्तनाच्या नियमाचाच हा परिणाम होय. हे भोवरे स्वतःचे एक इवलेसे क्षेत्र निर्माण करतात, आणि तबकडीतील दुसरे वेटोळे ते टिपून घेते. थोडक्यात, आपण जमिनीला साद घालतो आणि धातू प्रतिसाद देतो.

ही साद आणि हा प्रतिसाद खोलीबरोबर किती झपाट्याने क्षीण होतात याची कल्पना सहसा कोणाला नसते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने वस्तू पुष्कळ खोल असेल, तर खोली दुप्पट होताच तेथे पोहोचणारे क्षेत्र एक-अष्टमांश होते. आता, वस्तूकडून परत येणाऱ्या प्रतिसादालाही तोच रस्ता तुडवावयाचा असतो, म्हणून तोही पुन्हा एक-अष्टमांश. म्हणजे दुप्पट खोलीला आवाज निम्मा किंवा पाव न होता चौसष्टावा हिस्सा होतो. ‘मग यंत्राची शक्ती वाढवा’ असे कोणी म्हणेल. वेटोळ्यातील प्रवाह दुप्पट केला तर प्रतिसादही दुप्पट होईल. पण त्यामुळे पल्ला वाढेल तो जेमतेम आठवा हिस्सा. आठ इंचांवर थांबणारे यंत्र नऊ इंचांवर जाईल. नुसत्या जोराने खोली जिंकता येत नाही ती अशी.

आकाराने मात्र ती काही अंशी जिंकता येते. दोन तबकड्या घेऊ, एक १५ सेंटीमीटर व्यासाची आणि दुसरी ४५ ची. दोहोंतील तारेचे फेरे आणि प्रवाह सारखेच आहेत असे धरू. गणित करून पाहिल्यास असे दिसते की वस्तू तबकडीखाली ३० सेंटीमीटरांवर असेल, तर मोठीचा प्रतिसाद लहानीच्या सुमारे पंचवीसपट भरतो. पण तीच वस्तू ५ सेंटीमीटरांवर असेल तर पारडे फिरते, आणि लहान तबकडी मोठीच्या सुमारे साडेतीनपट प्रतिसाद देते. लहान वेटोळ्याचे क्षेत्र त्याच्या तोंडाशी एकवटलेले असते आणि पुढे लगेच विरते. मोठ्याचे पसरलेले असते, म्हणून जवळ ते फिके असते पण लांबवर टिकते.

याच गणितातून एक सूत्रही निघते. ठराविक खोलीवर सर्वांत बळकट क्षेत्र पाडावयाचे तर वेटोळ्याचा व्यास त्या खोलीच्या सुमारे २.८ पट असावा. हे सूत्र कागदावर निर्दोष आहे. त्याप्रमाणे २० सेंटीमीटर खोल असलेल्या नाण्यासाठी ५६ सेंटीमीटर व्यासाची परात फिरवावयास हवी. प्रत्यक्षात मात्र अनुभवी माणूस नाण्यासाठी २३ ते २८ सेंटीमीटरांची तबकडी लावतो, आणि ‘नाणे सापडावयाचे ते साधारण तबकडीच्या व्यासाएवढ्या खोलीपर्यंत’ असा ढोबळ हिशेब मनाशी ठेवतो. सूत्र आणि अनुभव यांत एवढी तफावत का? कारण सूत्र धरून चालते की जमिनीत ती एकच वस्तू आहे आणि बाकी सर्व पोकळी आहे. जमीन तशी नसते.

एक तर जमीन स्वतःच बोलते. मातीत लोहाची चुंबकीय खनिजे असतात, आणि वेटोळ्याला त्यांचाही प्रतिसाद ऐकू येतो. मोठे वेटोळे अधिक मातीवर क्षेत्र टाकते, म्हणून मातीचा कोलाहलही अधिक गोळा करते. इवलेसे नाणे त्या कोलाहलात बुडून जाते. हे आपल्या मुलखाला विशेष लागू आहे. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेली माती आणि कोकणातील जांभ्याची तांबडी माती या दोन्ही अशा खनिजांनी भरलेल्या आहेत, आणि रत्नागिरीच्या बाजूच्या कित्येक किनाऱ्यांवर तर लोह-टिटॅनियमच्या खनिजाची काळी वाळूच पसरलेली आहे. परदेशी माहितीपत्रकात छापलेली खोली इंग्लंडातील एखाद्या सौम्य मातीत खरी ठरत असेल. सातारा-सांगलीच्या शेतात तिच्यावर विसंबू नये. अशा जमिनीत एक पायरी लहान तबकडी लावणारा पुष्कळदा अधिक खोल ऐकतो, हे उलटे वाटले तरी खरे आहे. वेटोळ्यांच्या मांडणीचाही येथे थोडा संबंध येतो. एकात एक बसविलेल्या गोल वेटोळ्यांपेक्षा इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून किंचित एकमेकांवर चढविली, तर तबकडी मधल्या अरुंद पट्ट्यातूनच मुख्यतः पाहते आणि मातीचा त्रास कमी होतो. मात्र वस्तूचे नेमके ठिकाण गोल मांडणीने अधिक सहज कळते.

दुसरे असे की जमिनीत आपल्याला हवी ती वस्तू एकटी नसते. तिच्या शेजारी खिळे असतात, पत्र्याचे तुकडे असतात, बाटल्यांची झाकणे असतात. मोठ्या तबकडीखाली हे सर्व एकाच वेळी येतात आणि त्यांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. यंत्रात लोखंडाचा आवाज गाळण्याची सोय असते खरी. पण खिळा आणि अंगठी दोन्ही एकदम तबकडीखाली असतील तर यंत्र त्यांना एकच वस्तू समजते, आणि खिळ्याबरोबर अंगठीलाही गाळून टाकते. भिंतीला चुना देण्याच्या कुंच्याने पाकिटावर पत्ता लिहिता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या स्नेह्यांच्या परसात नेमके हेच झाले. पडवीचे खिळे, तारा, पत्र्याच्या कपच्या सगळ्या मातीत मिसळलेल्या. ३८ सेंटीमीटरांची तबकडी पहिल्या वाफ्यापासून ओरडू लागली ती थांबेचना. लोखंड गाळण्याची कळ फिरविली तेव्हा ती अगदीच मुकी झाली. आमच्या सूचनेवरून नऊ खड्डे खणले गेले. त्यांतून एक बिजागरी, कोयंडा आणि मूठभर चुका एवढे धन निघाले. मेथीचा वाफा गेला तो वेगळाच. दिवेलागणीला वहिनी म्हणाल्या, “भावोजी, उद्या तुम्ही ओट्यावर बसून नुसता चहा घ्या.” दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने १५ सेंटीमीटरांची तबकडी लावली आणि वीत-वीत जागा सावकाश तपासली. तासाभरात अंगठी मिळाली. ती चार बोटे खोल होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन वाकडे खिळे होते. आदल्या दिवशी मोठी तबकडी तिच्यावरून निदान तीनदा गेली असली पाहिजे.

येथे आमची चूक नुसती आकाराची नव्हती. हातातून गळून आठवडाही न झालेली वस्तू खोल असण्याचे कारणच काय, हा साधा प्रश्न आम्ही विचारला नाही. किती खोल, केवढी वस्तू, आणि कोणाच्या संगतीत, हे ठरल्यावाचून तबकडी निवडणे म्हणजे रोग न पाहता मात्रा देणे होय.

वैद्यकाचा विषय निघालाच आहे, तर या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत करुण प्रसंग सांगितला पाहिजे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि ती कोठे अडकली आहे हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षे होती. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल वेटोळ्यांचे एक यंत्र घेऊन पुढे आला. शिशाची गोळी जवळ आली की टेलिफोनच्या कर्ण्यात आवाज यावयाचा, अशी त्याची रचना होती. २६ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला त्याने अध्यक्षांच्या अंगावरून हे यंत्र फिरविले. पहिल्या खेपेला जोडणीतच चूक राहिली होती. दुसऱ्या खेपेला एका विस्तृत भागावर अस्पष्ट आवाज येत राहिला, पण त्याचा उलगडा होईना. मागाहून कळले की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांनी विणलेली दुसरी गादी होती! या तारांनी प्रत्यक्षात किती घोटाळा केला याविषयी एकमत नाही. पण १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले, आणि शवविच्छेदनात गोळी सापडली ती पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला, खोलवर. मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की ती उजवीकडे आहे, आणि शोध मुख्यतः उजवीकडेच घेतला गेला होता. बेलचे यंत्र खोटे नव्हते. गोळी त्याच्या पल्ल्याबाहेर होती, आणि जेथे ती होती तेथे ते धरलेच गेले नाही. अध्यक्षांच्या जखमेत न धुतलेली बोटे आणि अवजारे वारंवार घातली गेली होती. त्यांनी घातलेला घाला गोळीहून मोठा होता असे आज मानतात.

आता मोठ्या तबकडीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नाही तर आम्ही एका टोकाच्या चुकीतून दुसऱ्या टोकाला जाऊ. वस्तू मोठी आणि खोल असेल, तर मोठे वेटोळे लहान कचऱ्याविषयी जवळजवळ बहिरे असते हा दोष न राहता गुण होतो. महायुद्धातील न फुटलेला बॉम्ब किंवा जमिनीत गेलेला नळ शोधावयाचा असेल, तर एक मीटर चौरसाची चौकट सुद्धा वापरतात. तिला खिळे फारसे ऐकू येत नाहीत, आणि तेच हवे असते. वस्तूचा आकारही पुष्कळ काम करतो. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ‘हँड ऑफ फेथ’ नावाने प्रसिद्ध झालेला सुमारे २७ किलो वजनाचा सोन्याचा गोळा अशाच यंत्राने सापडला. तो फूटभराच्या आत होता. एवढा गोळा तर कोणतीही तबकडी ओरडून सांगेल. पण त्याच मुलखात सोन्याची गव्हाएवढी कणी शोधणारा मनुष्य हाताच्या पंजाएवढी तबकडी घेऊन गुडघ्यांवर बसतो.

इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात २००९ च्या जुलैत एका हौशी शोधकाला अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्या-चांदीचा साठा मिळाला. त्यात सुमारे ४६०० तुकडे होते आणि कित्येक नखाएवढे होते. पुरातत्त्वज्ञांनी ते शेत तपासले. पुढे २०१२ साली शेत पुन्हा नांगरले गेले तेव्हा आणखी ऐंशीच्या वर तुकडे मिळाले. ‘ही जागा तपासून झाली’ या वाक्याचा अर्थ ‘या तबकडीने, या खोलीपर्यंत’ एवढाच घ्यावा.

तपासण्याचे कष्टही हिशेबात धरावे लागतात. तबकडीखालचा ऐकू येणारा भाग खोल जाताना भोवऱ्यासारखा निमुळता होतो, म्हणून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवावा लागतो. ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदान २८ सेंटीमीटरांच्या तबकडीने असे तपासले, तर तबकडीचा एकूण प्रवास सुमारे ७ किलोमीटर होतो. १५ च्या तबकडीने तो १३ किलोमीटरांच्या वर जातो. उलट मोठी तबकडी दांडीच्या टोकाला असल्यामुळे तिचे थोडेसे जादा वजनही मनगटाला आणि खांद्याला जाणवते, आणि दमलेला हात तबकडी वर उचलू लागतो. जमिनीपासून पाच सेंटीमीटर उचललेली तबकडी म्हणजे फुकट घालविलेली पाच सेंटीमीटर खोली. म्हणून मोकळ्या, स्वच्छ शेतात मध्यम किंवा मोठी, आणि जुन्या वस्तीच्या, कचऱ्याच्या जागी लहान, असा शहाण्या माणसाचा सर्वसाधारण क्रम असतो. एकच घेणे शक्य असेल त्याने मध्यम घ्यावी.

सुरुंग काढणाऱ्याला मात्र ‘सर्वसाधारण’ या शब्दाचा आधार घेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून वापरण्याचा सुरुंगशोधक तयार केला, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात एल-अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने तो मोठ्या प्रमाणावर वापरला. त्या वेळचे पुष्कळसे सुरुंग धातूच्या पेट्यांचे होते. पुढे प्लॅस्टिकचे सुरुंग आले. त्यांत टाचणीएवढाच धातू असतो, आणि कंबोडियात त्यांच्याभोवती जांभ्याची बोलकी माती असते. तबकडी मोठी लावली तर टाचणीचा आवाज मातीत बुडतो. फार लहान लावली तर एक पट्टा सुटून जाण्याची भीती, आणि सुटलेल्या पट्ट्यावरून उद्या शाळेची मुले चालणार. म्हणून तेथे रोज काम सुरू करण्यापूर्वी, त्याच मातीत ठराविक खोलीवर नमुन्याचा तुकडा ठेवून यंत्राचा पल्ला पाहून घेतात. ही रीत आपणही उचलण्याजोगी आहे. अंगठी हरवली असेल तर तशीच दुसरी अंगठी दोऱ्याला बांधून त्याच परसात चार बोटे पुरावी, आणि दोन्ही तबकड्या तिच्यावरून फिरवून पाहाव्या. पाच मिनिटांत निकाल लागतो. आम्हांला हे सुचले असते तर मेथी वाचली असती.

एक गोष्ट कायद्याची. यंत्र हाती आले म्हणजे खणण्याचा हक्क हाती आला असे नव्हे. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे धन कलेक्टरला कळवावे लागते, आणि संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्यावाचून खणणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शेदीडशे वर्षे एका जागी पडलेले नाणे उपटून काढले की ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होते ही माहिती कायमची नाहीशी होते.

हे भान ठेवणारा एक माणूस १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सफोक परगण्यात होता. हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी एरिक लॉज हा त्याचा मित्र, एक निवृत्त माळी, यंत्र घेऊन गेला. यंत्र बोलले तेथे उकरले, तो रोमन काळातील चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी! लॉजने थोडे काढले आणि हात आवरला. त्याने वर्दी दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ येऊन त्यांनी सगळा साठा पद्धतशीर उचलला. नाणी पंधरा हजारांच्या आसपास भरली. ज्या लाकडी पेटीत ते धन ठेवले होते तिचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. पण आत कोणती वस्तू कोठे ठेवली होती हे अखेरपर्यंत कळू शकले. तो हातोडाही सापडला. आज तोही ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहात आहे.